यंत्रात नसलेलं आडनाव

"आजोबा, हे तिकीट तुमचं नाही," विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

म्येन हानलूंनी टोपी मागे सारली. "माझं नाही तर कुणाचं? तुझ्या आजोबांचं?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. हानलूंची मुलगी ऐरुंग हसली नाही. सकाळपासून सगळं जरा जास्तच सुरळीत चाललं होतं, आणि त्यांच्या घरात असं झालं की पुढच्या वळणावर काहीतरी आडवं येतंच, हे तिला पन्नाशीपर्यंत चांगलं कळलं होतं. बाबा न कुरकुरता टॅक्सीत बसले होते. धाकटा भाऊ चांगफू ठरल्या वेळी दारात हजर होता. त्याची बायको पेइफेन तर सासऱ्यांची पिशवी उचलायला स्वतःहून पुढे झाली होती, आणि त्या पिशवीतून कांद्याच्या हातहातभर लांब पाती बाहेर डोकावत होत्या. उद्या मोठ्या काकांचा नव्वदावा वाढदिवस. तरुणपणी ते उत्तरेकडे पडीक जमीन फोडायला गेले आणि तिकडच्या ज्यामुस शहराचेच होऊन राहिले. त्यांच्या आईच्या मातीनंतर दोघा भावांची भेट नव्हती. आता भेटायचं तर गावचा कांदा घेऊनच, असा बाबांचा हट्ट.

"नावात फरक आहे," मुलगी सांगत होती. "तिकिटावर ली हानलू आहे. आणि ओळखपत्रावर..." ती अडखळली. "हे अक्षर कसं वाचतात?"

"म्येन," बाबा म्हणाले.

"असं आडनाव असतं?"

"आमच्या गावात एके काळी दुसरं आडनावच नव्हतं, पोरी."

हे खरं होतं. ली हे अक्षर देशात पावलोपावली भेटतं. म्येन म्हणजे तेच अक्षर, फक्त डोक्यावर छप्पर आणि पोटात दोन जादा थेंब. हाताने लिहायचे दिवस होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. मग कचेऱ्यांत संगणक आले, आणि संगणकात हे अक्षर नव्हतं. त्या जागी रिकामा चौकोन उमटायचा. चौकोनाला बँकेत खातं मिळेना, दवाखान्यात केसपेपर निघेना. एकेक करत गावातली घरं छप्पर उतरवून, थेंब पुसून ली झाली. चांगफूची मुलगी शाळेच्या वयाची झाली, तिचं नाव कुठल्याच यादीत चढेना, तेव्हा तोही ली झाला. पुढे ओळखपत्रांच्या यंत्रात ते अक्षर बसवलं गेलं, पण तोवर घरातलं व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून बाबा मुलाशी थेट बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की ऐरुंगकडे तोंड करून सांगायचे, मुलगा समोर जेवत बसलेला असला तरी.

आत्ताही ते तिच्याकडेच वळले. "ऐरुंग, त्या ली साहेबांना विचार, तिकीट कुणी काढलं?"

"ताई, त्यांना सांग की..." चांगफूने सुरुवात केली.

"मी काढलं," पेइफेन म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, पण आवाज खाली आला नव्हता. "ते अक्षर तिथे टाईपच होईना. कितीदा करून पाहिलं. शेवटी ली टाकलं. म्हटलं, नंबर बरोबर आहे, फोटो बरोबर आहे, एका अक्षराने काय होतंय?"

"एका अक्षराने काय होतंय," बाबांनी तेच शब्द सावकाश उच्चारले आणि छताकडे पाहिलं.

ऐरुंगला ओशाळल्यासारखं झालं. तिचं स्वतःचं आडनाव अजून म्येनच होतं. तिचं तिकीट एजंटने काढलं होतं. तो आडनावाच्या जागी सरळ इंग्रजी अक्षरं टाकायचा आणि ती चालायची. हे पेइफेनला एका फोनवर सांगता आलं असतं. पण नणंद-भावजयीचं बोलणं सणासुदीपुरतंच होतं, आणि तेही हवापाण्याचं.

काउंटरवरच्या मुलीने कुणाला तरी फोन केला. गळ्यात निळा रुमाल बांधलेल्या एक बाई लगबगीने आल्या. शिफ्टप्रमुख असाव्यात. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, चांगफूचंही ओळखपत्र मागून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मुलाचं आडनाव ली आहे की! मग सोपं आहे. आजोबांनी एवढंच लिहून द्यायचं, की माझं पूर्वीचं आडनाव ली होतं. खाली सही. लगेच सोडते."

"पूर्वीचं?" बाबा म्हणाले. "पूर्वी मी ली होतो?"

"कागदापुरतं हो, आजोबा."

"सगळ्यांनी कागदापुरतंच केलं. आता गावात स्मशानातल्या दगडांवर तेवढे म्येन उरलेत."

रांग चुळबुळायला लागली. एका माणसाने घड्याळाकडे बोट दाखवलं. "काका, करून टाका ना सही! आमचंही विमान आहे!"

ऐरुंगने बाबांचा दंड धरला. "बाबा, करा सही. मोठे काका वाट बघतायत. आगगाडीने एवढा प्रवास तुमच्या पाठीला झेपणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. काका नव्वदचे झाले. पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणायची सोय आहे का आपल्याला?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तूसुद्धा?"

एवढंच म्हणाले. पण ऐरुंगचा इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"हो, मीसुद्धा! मी नाव टिकवलं म्हणून तुम्हाला लाडकी. पण त्या नावापायी तुमच्या दोघांच्या मधे टपालवाली झाले, ते कुणाला दिसलं? 'ऐरुंग, त्याला सांग मीठ दे.' 'ताई, त्यांना सांग औषध घ्या.' एकाच टेबलावर बसून! मला कंटाळा आलाय, बाबा. एक सही करा आणि चला."

पेइफेनने मान डोलावली. नणंदेच्या बोलण्यावर ती आयुष्यात पहिल्यांदाच मान डोलावत असावी.

बाबांनी बॅग आडवी केली आणि काउंटरसमोरच तिच्यावर बसले. ट्रक घाटात बंद पडला की ड्रायव्हर रस्त्याकडेला बसतो तसे. हा माणूस जन्मभर ट्रक चालवत आला होता. मदत येईपर्यंत बसून राहणं त्याला नवीन नव्हतं.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "दादाला सांगा, हानलू निघाला होता. ली हानलू नावाचा भाऊ काही त्याला नाही. तो दारात उभा राहिला तर दादा ओळखणार नाही."

शिफ्टप्रमुख बाईंनी सुस्कारा टाकला आणि चांगफूकडे वळल्या. "साहेब, तुम्ही समजूतदार दिसता. तुम्हीच सांगा यांना."

चांगफू विम्याच्या कचेरीत नोकरीला. चढ्या आवाजात बोललेला त्याला ऐरुंगने लहानपणापासून ऐकलं नव्हतं. समोरच्याने काही म्हटलं की तो आधी मान हलवायचा आणि मग विचार करायचा. आत्ताही त्याची मान हलायला लागली, आणि मध्येच थांबली.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ते सही करणार नाहीत. आणि मी त्यांना सांगणारही नाही." त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "बाई, माझी मुलगी लहान होती तेव्हा मी असाच एका काउंटरसमोर उभा होतो. पलीकडे तुमच्यासारख्याच चांगल्या बाई होत्या. म्हणाल्या, कागदापुरतं बदला, सोपं होईल. मी मान हलवली. मुलगी शाळेत गेली, शिकली. ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सोपं काही झालं नाही. घरी गेल्यावर काय झालं ते माझ्या बहिणीने आत्ता तुम्हाला ऐकवलंच."

"साहेब, मी नियम..."

"नियमच विचारतोय. नंबर जुळतो?"

"जुळतो."

"फोटो?"

बाईंनी बॅगेवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "जुळतो."

"मग माणूस चुकलेला नाही, तिकीट चुकलंय. चूक तिकिटात असेल तर तिकीट दुरुस्त करायचं. माणूस कशाला दुरुस्त करता?"

रांगेतला घड्याळवाला आता घड्याळाकडे बघायचा थांबला होता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "करा हो दुरुस्त. माझ्या बायकोचं आडनाव श्र्युए, त्याची पण दर वेळी वाट लावतात."

"अहो, पण अक्षरच नाही यंत्रात! मी आणू कुठून?"

"आडनाव इंग्रजी अक्षरांत टाका. माझ्या ताईच्या तिकिटावर आत्ताच पाहिलं, तसं. ताई, दाखव." चांगफूचा आवाज आता चांगलाच चढला होता आणि त्याचं त्यालाच नवल वाटत असावं. "आणि शेजारी खरं अक्षर पेनने लिहा. वर तुमचा शिक्का मारा. हाताने लिहायला कुठलं यंत्र लागत नाही."

बाई फोनवर बोलल्या. वाट पाहिली. पुन्हा बोलल्या. "हो, नंबर तोच... हो, वय झालंय... नाही, तसे हलायलाच तयार नाहीत." मग त्यांनी काउंटरवरच्या मुलीला खूण केली, यंत्र गुरगुरलं आणि बोर्डिंग पास बाहेर आला. बाईंनी पेन उघडलं आणि थबकल्या.

"लिहायचं कसं?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. ते सरळ उभे राहीपर्यंत पेन चांगफूच्या हातात गेलं होतं.

एवढ्या वर्षांत या हाताने ली, ली आणि लीच लिहिलं होतं. पॉलिसीवर, पावत्यांवर, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर. पण हात अडखळला नाही. आधी छप्पर काढलं, त्याची डावी कड जरा खाली उतरलेली. मग खांब, मग मधल्या रेघा, आणि सगळ्यात शेवटी पोटातले दोन थेंब.

बाबा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"डावा थेंब लहान," ते म्हणाले.

"लहानच काढलाय," चांगफू म्हणाला.

शिक्का ठपकन बसला. पेइफेनने ऐरुंगकडे पाहिलं, ऐरुंगने पेइफेनकडे. ती दोन्ही वाक्यं मधल्या टपालाशिवाय गेली होती, आणि ज्यांनी पाठवली त्यांना मात्र त्याचा पत्ता नसावा.

पुढे तपासणीत बाबांचा लायटर काढून घेतला गेला. तिथल्या पेटीत लायटरांचा ढीग पडला होता. त्यात आपला ठेवताना बाबा तपासणीवाल्याला म्हणाले, "एवढे लायटर आणि सिगारेट ओढायला एक जागा नाही. काय हा कारभार!" कांद्याच्या पिशवीला त्याने चारी बाजूंनी बघितलं, हुंगलं, आणि जाऊ दिलं.

विमान धावपट्टीवर जाऊन उभंच राहिलं. आकाशातली वाहतूक अडली आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. बाबांना ते पटलं. "वरतीसुद्धा तुंबतं का? तरी तिथे म्हशी आडव्या येत नसतील." उडाल्यावर मात्र त्यांनी खिडकीला नाक लावलं ते सोडलं नाही. उतरताना चाकं दणकली तेव्हा म्हणाले, "चढ बरा घेतला. उताराला ब्रेक उशिरा दाबला."

पण झाला तो उशीर झालाच होता. विमान बदलायचं होतं त्या शहरातला विमानतळ म्हणजे काचेखाली वसवलेलं एक अख्खं गावच. ज्यामुसच्या विमानाचं दार या टोकाला नाही, त्या टोकाला आहे असं कळल्यावर चौघेही पळायला लागले. बाबांचं पळणं म्हणजे भराभर चालणंच, पण ते हरकत न घेता चालत होते. सरकत्या पट्ट्यावर चांगफूने त्यांची कोपर धरली. त्यांनी ती सोडवली नाही.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला. तरुण बाईचा, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं.

"प्रवासी म्येन हानलू. प्रवासी म्येन हानलू. ज्यामुसला जाणारं आपलं विमान निघण्याच्या तयारीत आहे. कृपया ताबडतोब दाराशी या."

बाबा जागच्या जागी थांबले. पट्टा संपत होता, ते अडखळले, चांगफूने सावरलं, पण पुढे पाऊल टाकेनात. मान वर. तोंड थोडं उघडं.

भोवतीने माणसं चाकांच्या बॅगा ओढत जात होती. नूडल्सचे वाडगे, झोपलेली पोरं, फोनवरची भांडणं. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून ते नाव काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं होतं. इंग्रजी अक्षरांमुळे त्या मुलीला ते वाचता आलं होतं. खरं अक्षर समोर असतं तर ती गप्पच बसली असती. हे ऐरुंगच्या लक्षात आलं, पण सांगायची ही वेळ नव्हती.

"बाबा, चला!"

"थांब. पुन्हा म्हणू दे."

"विमान जाईल!"

"मी चढल्याशिवाय कसं जाईल? मलाच तर बोलावतेय." बाबांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "किती छान म्हणते. कुणाची मुलगी आहे कोण जाणे."

ऐरुंग हतबल होऊन भावाकडे बघायला लागली. तो तर बाबांच्या शेजारी तसाच मान वर करून उभा होता. मग हललं कोण, तर पेइफेन. समोरून बॅटरीची गाडी येत होती, मागचे बाक रिकामे. पेइफेन सरळ तिच्या आडवी गेली.

"थांबा! ऐकलं नाही का? म्येन हानलू! हेच ते!"

"कोण?" ड्रायव्हर गांगरला.

"अहो, अख्खा विमानतळ यांचं नाव घेतोय आणि तुम्ही कोण म्हणून विचारता? चला, बसा बाबा. दादा, गाडी वळवा. उत्तरेकडचं शेवटचं दार. लवकर!"

आपण कुणाला बसवतोय हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही, पण त्याने गाडी वळवली. बाबा पुढच्या बाकावर, टोपी सरळ करून. पेइफेन त्यांच्या बाजूला. मागे भाऊ-बहीण बॅगांना मिठी मारून. मांडीवरच्या पिशवीतल्या कांद्याच्या पाती वाऱ्याने डुलत होत्या. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, माणसं बाजूला होत होती, आणि पुन्हा वरून "प्रवासी म्येन हानलू" सुरू झालं. बाबांनी हात वर केला. रस्त्याकडेच्या लोकांकडे बघून तो हलवला. दोघातिघांनी तर उलट हात केलासुद्धा. कोण जाणे, एखादा जुना सेनापती असायचा.

ऐरुंगला हसू आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. शेजारी चांगफूही हसत होता, आणि लहानपणी हसायचा तसा आवाज न करता, खांदे उडवत.

दाराशी उभ्या असलेल्या मुलाने पास हातात घेतला, पेनने काढलेलं अक्षर पाहिलं, शिक्का पाहिला. "हे आडनाव मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

"आता पुढे बघशील," बाबा म्हणाले आणि विमानात शिरले.

ज्यामुसला उतरले तेव्हा ऊन कललं होतं आणि थंडी कानाला झोंबत होती. विमानतळ आटोपशीर, एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. बाहेरच्या दाराशी कठड्यापलीकडे मोठे काका उभे होते. केसाळ कानटोपी, हातात काठी, मागे मुलं, सुना, नातवंडं. बाबा त्यांच्यासमोर जाऊन थांबले. दोघांनी एकमेकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्हातारा झालास," काका म्हणाले.

"तू कुठे तरणा राहिलायस?"

मग काकांनी काठी सोडून दिली. ती फरशीवर वाजली, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या कोटांत तोंड खुपसून उभे राहिले. काकांच्या एका सुनेने नाक पुसलं.

काका बाजूला झाले. ऐरुंगला त्यांनी ओळखलं. पेइफेनला सून म्हणून ओळखलं. मग त्यांची नजर बॅगा घेऊन मागे उभ्या राहिलेल्या माणसावर गेली. "आणि हा कोण?"

बाबांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि मुलाकडे पाहिलं.

चांगफूने बॅगा खाली ठेवल्या. "काका, मी म्येन चांगफू. हानलूंचा मुलगा."

पेइफेनने नवऱ्याकडे झर्रकन पाहिलं. घराचे कागद, बँका, मुलीचे दाखले, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. पण ती एवढंच म्हणाली, "कागदांचं मी बघते. या खेपेला बाबांना विचारून."

काकांनी पुतण्याचे दोन्ही हात हातात घेतले, चोळले. "गार पडलेत," ते म्हणाले. "चला, घरी डंपलिंगचं पाणी उकळतंय."

बाहेर दोन गाड्या लावलेल्या होत्या. कोणी कुठे बसायचं यावरून काकांच्या मुलांची धांदल उडाली. पाहुण्यांचा मान म्हणून पुढची जागा बाबांना द्यायची होती. बाबांनी दार उघडलं, सीटवर हात ठेवला आणि मागे वळले.

"चांगफू, तू पुढे बस. मागे बसलास की तुला गाडी लागते."

चांगफू क्षणभर उभाच राहिला. ट्रकच्या केबिनमध्ये उलटी करायचा तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. "हो, बाबा," म्हणाला आणि पुढे बसला.

ऐरुंग मागच्या सीटवर बाबा आणि काका यांच्या मधे दाटीवाटीने बसली. गाडी निघाली. पुढून चांगफूने काहीतरी विचारलं, बाबांनी उत्तर दिलं, चांगफूने पुन्हा काही म्हटलं. तिच्याकडे कुणी वळून पाहिलंही नाही. कुणाचं काही कुणाला सांगायचं नव्हतं. तिने पाय ताणले, मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले.